देवाच्या नावाने आलेली पेटी

फेब्रुवारीतल्या एका दुपारी माझ्या मोबाइलवर एका अनोळखी कंपनीचा कागद आला. शीर्षक होते ‘अरायव्हल नोटीस’. नोटीस या प्रकाराशी माझा जुना परिचय. रत्नागिरीच्या न्यायालयात कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. मधली सारी वर्षे नोटिसा काढण्यात आणि न बजावता परत आलेल्या नोटिसांवर शेरे मारण्यात गेली. ही नोटीस मात्र कुणाला हजर राहण्यास फर्मावत नव्हती. अमुक जहाज बंदरास लागले असून त्यातील एका सामायिक कंटेनरमध्ये एक लाकडी पेटी आहे, एवढेच तिचे म्हणणे होते. आतील वस्तू: बॅटरीवर चालणारी प्राणवायूची यंत्रे, दोन नग. त्यापुढे छापलेले होते की ही यंत्रे आत ‘असल्याचे सांगितले जाते’. पेटी उघडून कुणी पाहिलेली नाही, उद्या आत विटा निघाल्या तरी जहाज कंपनी उत्तरदायी नाही, असा त्याचा अर्थ. मला ती भाषा आवडली. साक्षीदाराच्या तोंडी शोभावी अशी होती.

खाली तीन रकाने होते. शिपर, म्हणजे पाठवणारा: आखातात नोकरी करणाऱ्या आमच्या गावकऱ्यांचे मंडळ. नोटिफाय पार्टी, म्हणजे माल आल्याचे ज्याला नुसते कळवायचे तो: मी. आणि कन्साइनी, म्हणजे ज्याच्या नावे माल आहे आणि ज्याच्याच हाती तो द्यायचा तो: आमचा ग्रामदेव. ‘श्री देव’ या शब्दांपासून पूर्ण नाव, मौजे, तालुका, जिल्हा, पिनकोडसह.

‘‘काय आलं रं?’’ आतल्या खोलीतून आक्काने विचारले.

‘‘तुझे यंत्र आले. बंदरात आहे.’’

‘‘मग घरी कवा जायाचं?’’

आक्का माझी थोरली बहीण. तिची फुफ्फुसे आतून निबर होत चालली आहेत, ती पूर्ववत होणार नाहीत, असे डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितले होते. तेव्हापासून ती रत्नागिरीत माझ्या घरी होती. नाकाला नळी, नळीला भिंतीतल्या विजेवर चालणारे यंत्र, आणि नळी पोचेल तेवढेच तिचे जग: खाट, खिडकी, न्हाणीचे दार. तिचे घर आमच्याच गावच्या वरच्या वाडीत. सासर आणि माहेर यांच्यात एक वहाळ, म्हणजे ओढा, बस. पण गावात वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा भरवसा नाही, म्हणून डॉक्टरांनी अट घातली: बॅटरीवरचे यंत्र हाताशी असेल तरच गावी जाता येईल. ही गोष्ट आखातातल्या मुलांच्या कानी गेली. ‘काकीसाठी एक आणि गावासाठी एक’ असे ठरवून त्यांनी दोन यंत्रे घेतली. त्यांतली बॅटरी विमान कंपन्या सहजी स्वीकारत नाहीत, म्हणून पेटी समुद्रमार्गे निघाली.

शिमग्याला पालखी वरच्या वाडीत येते तेव्हा पहिला विसावा आक्काच्या पडवीत घेते. तिच्या सासरचा तो मान. भावोजी गेल्यापासून देवापुढे नारळ तीच ठेवते. लग्न होऊन त्या घरी आल्यापासून तिने एकही पालखी चुकवलेली नाही. शिमग्याला अजून बराच अवधी होता. पेटी बंदरात आली होती. सारे काही जमून येत होते, असे त्या दुपारी मला वाटले.

कन्साइनी म्हणून देवाचे नाव का पडले, हे बाहेरच्याला चमत्कारिक वाटेल. आमच्या गावात दुसरे कुणाचे नाव पडणेच शक्य नव्हते. वरच्या आणि खालच्या वाडीचे मानकरी दोन, आणि पालखीला पहिला खांदा कुणाचा यावर त्यांचा वाद माझ्या जन्माआधीपासूनचा. त्यामुळे गावाच्या मालकीची म्हणून जी जी वस्तू येते ती देवाच्या नावाने येते. पंगतीची पातेली, मंडपाची कापडे, आजाऱ्याला डांबरी रस्त्यापर्यंत उचलून आणायची डोली, या सगळ्यांवर देवाचे नाव कोरलेले किंवा रंगवलेले आहे. नाव देवाचे म्हटले की कोणत्याही वाडीला ‘आमचे’ म्हणता येत नाही. तिकडच्या बंदरातल्या कारकुनाने ‘कन्साइनी कोण?’ असे विचारल्यावर मंडळातर्फे पेटी चढवायला गेलेल्या आमच्या गावच्या एका फिटरने गावाच्या रीतीला धरून उत्तर दिले. नोटिफाय पार्टी म्हणून माझे नाव घातले, कारण गावाचा पत्रव्यवहार मी करतो.

दुसऱ्या दिवशी कस्टमचे काम पाहणाऱ्या एजंटचा फोन आला. तो मूळचा मालगुंडकडचा, चाळिशीच्या आतला, नवी मुंबईत बसणारा. आवाजात अजून आपल्या बाजूचा हेल होता.

‘‘काका, नमस्कार. कन्साइनीचं केवायसी लागेल. पॅन आणि आधार.’’

‘‘कन्साइनी देव आहे.’’

‘‘हो काका, म्हणजे देवस्थानचा ट्रस्ट ना? ट्रस्टचा पॅन चालेल.’’

‘‘विश्वस्त कोण, याचाच वाद धर्मादाय कार्यालयात प्रलंबित आहे. निकाल लागेपर्यंत ट्रस्टतर्फे सही करण्यास कुणीही अधिकृत नाही.’’

‘‘मग देवाचं आधार कार्ड काढलंय का?’’ तो म्हणाला आणि हसला. त्याच्या मागे आणखी कुणीतरी हसले.

ते हसणे मला लागले, हे मी लपवत नाही. लगेच सावरून त्याने सोपा मार्गही सांगितला होता. बिल ऑफ लेडिंग नावाचा जो मूळ कागद असतो, तो एकाच वेळी मालाची पावती, वाहतुकीचा करार आणि मालकीचा दाखला असतो. पाठवणाऱ्याने विनंती केली की त्यातले कन्साइनीचे नाव बदलून येते. मग इकडे जहाजाच्या मालयादीत, म्हणजे मॅनिफेस्टमध्ये, तशी दुरुस्ती होते. ‘‘तुमचं नाव टाका, काका. तुमचा पॅन आहे, आधार आहे. आठ-दहा दिवसांत पेटी दारात.’’

मी नकार दिला. माझी कारणे अशी होती, आणि ती आजही मला चुकीची वाटत नाहीत. आपल्या कायद्यात देव ही व्यक्ती आहे. तो मालमत्ता धारण करतो, तो दावा लावतो, त्याच्यावर दावा लागतो. आमच्या देवाचे नाव सातबारावर आहे आणि त्यावर कोणत्याही तलाठ्याने कधी आधार कार्ड मागितलेले नाही. जो माल देवाचा, तो माझा आहे असे सरकारी कागदावर लिहून देणे हे खोटे प्रतिज्ञापन. शिवाय गाव काय म्हणेल? पत्रे लिहिणाऱ्याने यंत्रे आपल्या नावावर करून घेतली, असेच ना? ज्याला फक्त कळवायचे, त्याने मालक व्हावे, ही गोष्ट माझ्या तत्त्वात बसत नव्हती.

त्याच संध्याकाळी मी पहिले पत्र लिहिले. ‘विषय: कायदेशीर व्यक्ती असलेल्या देवतेच्या नावे आलेला माल सोडवून देण्यास होत असलेली बेकायदेशीर टाळाटाळ.’ अडीच पाने झाली. एक प्रत एजंटला, एक जहाज कंपनीला, एक कस्टमच्या कार्यालयाला, रजिस्टर पोचपावतीसह.

‘‘काय लिवलंस?’’ आक्काने विचारले.

‘‘देवाचा हक्क मांडला.’’

‘‘देवानं मागितलान काय तुज्याकडं हक्क?’’ नळीतून श्वास घेण्यासाठी ती थांबली. ‘‘असा हट्ट असेल तर न्या पालखी बंदरात. वाटेत नाचवा. साहेब बगल आणि सोडल पेटी.’’

मी हसलो नाही. माझी सून हसली. आक्काला स्वतःलाही हसू आले आणि हसण्याने खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

उत्तर आठ दिवसांनी आले, चार ओळींचे: कृपया वैध कन्साइनीची कागदपत्रे सादर करावीत. माझ्या एकाही मुद्द्याला त्यात स्पर्श नव्हता. मी दुसरे पत्र लिहिले. तोपर्यंत जहाजाच्या व्यवहारातले शब्द मी रीतसर अभ्यासले होते. एफओबी, सीआयएफ, डीडीपी अशी तीन-तीन अक्षरांची ती कलमे. माल कुठवर विकणाऱ्याच्या जोखमीवर आणि कुठून पुढे घेणाऱ्याच्या, हे ती एका ओळीत ठरवतात. एफओबीमध्ये माल जहाजावर चढला की पाठवणारा मोकळा. डीडीपीमध्ये माल दारात पोचेपर्यंत सारा भार त्याच्याच माथ्यावर. सबंध जगाच्या व्यापाऱ्यांनी एकत्र बसून ‘धोका नेमका कुठे हस्तांतरित होतो’ हे इतके स्वच्छ लिहून ठेवले आहे, याचे मला खरोखर कौतुक वाटले. मी ही अक्षरे माझ्या पत्रात योग्य जागी वापरली. तिसऱ्या पत्रात तर जहाज कंपनीला तिच्याच बिल ऑफ लेडिंगच्या पाठीवरची बारीक छापाची कलमे वाचून दाखवली.

पेटी दरम्यान बंदराबाहेरच्या एका गोदामात हलवली गेली होती. सामायिक कंटेनर जिथे उघडतात आणि ज्याचा त्याचा माल वेगळा करतात, ते ठिकाण. बाकीच्यांच्या पेट्या केव्हाच गेल्या होत्या.

चौथ्या पत्रानंतर मी स्वतः गेलो. एजंटचे कार्यालय म्हणजे एका व्यापारी इमारतीतली लांबट खोली, सहा संगणक, भिंतीवर जहाज कंपन्यांची कॅलेंडरे. एजंटने उठून खुर्ची दिली, चहा मागवला, आणि पडदा माझ्याकडे वळवला.

‘‘हे बघा काका. इथे नाव. देवाचं नाव मी टाकलं, बसलं पण. इथे पॅन. आता हा रकाना रिकामा ठेवून पुढे जाऊन दाखवतो.’’ त्याने कळ दाबली. पडद्यावर लाल रेघ उमटली. ‘‘बिल ऑफ एंट्री भरल्याशिवाय कस्टमला कळतच नाही की तुम्हाला माल हवाय. आणि हा रकाना भरल्याशिवाय बिल ऑफ एंट्री पुढे सरकत नाही.’’

‘‘हे मला लेखी द्या.’’

‘‘काय लेखी देऊ? लाल रेघ येते म्हणून?’’

‘‘होय. तसेच द्या.’’

शेजारच्या टेबलावरची मुलगी तोंडावर रुमाल धरून बाहेर गेली. एजंट मात्र हसला नाही. त्याने खरोखरच त्या पडद्याचे चित्र छापून, त्यावर शिक्का मारून मला दिले. ते माझ्या फायलीत आहे.

मी निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला. ‘‘काका, घाई आहे का तशी? कुणासाठी आहेत ही मशीन?’’

‘‘गावासाठी,’’ मी म्हणालो.

हे उत्तर मी का दिले, ते मला इथे सांगितले पाहिजे. माझी नोकरी ज्या इमारतीत झाली, तिथे प्रकरणात आपला नातेवाईक असेल तर माणूस फायलीला हात लावत नाही. स्वतःचा हितसंबंध पुढे केला की बाजू हलकी होते, असे मी हजार वेळा पाहिले होते. मला माझी बाजू निष्कलंक हवी होती. बहिणीसाठी धडपडणारा म्हातारा म्हणून मला पेटी नको होती. देवाचा हक्क म्हणून हवी होती. म्हणून ‘गावासाठी’ असे म्हणालो. ते खोटे नव्हते. दोनपैकी एक यंत्र गावासाठीच होते.

पाचवे पत्र त्या लाल रेघेवर होते. सहावे पत्र पाचव्याची आठवण देणारे.

इकडे आक्काची नळी लांब करावी लागली नाही; तिच्या फेऱ्याच कमी झाल्या. खिडकीपर्यंत जाणे आधी थांबले. मग न्हाणीपर्यंत जाताना सुनेचा हात लागू लागला. यंत्रावरची चकती दोनवर होती, ती तीनवर गेली. मी हे सगळे पाहत होतो. बोटाला लावायच्या चिमट्यातले आकडे रोज वहीत टिपत होतो, तारीखवार, वेळेसह. वही आणि फाइल एकाच कपाटात होत्या, आणि त्या दोहोंचा एकमेकींशी संबंध आहे हे माझ्या डोक्यात आले नाही.

होळी झाली. पालखी वरच्या वाडीत यायचा दिवस उजाडला. आक्काचे दोन्ही मुलगे मुंबईहून परस्पर गावी गेले होते. थोरल्याने पडवीतून व्हिडिओ कॉल लावला. खाटेवर उशांच्या आधाराने आक्का बसली, डोक्यावरून पदर घेतला. मोबाइल माझ्या सुनेने धरला. ढोलांचा आवाज आधी आला, चित्र मागून. पालखी पडवीत टेकली. आक्काच्या थोरल्याच्या बायकोने नारळ ठेवला. मग मानकऱ्याने गाऱ्हाणे सुरू केले, देवाला साकडे घालायची आमची ती रीत. ‘‘बा देवा म्हाराजा...’’ आणि भोवतालची माणसे ‘‘व्हय म्हाराजा!’’ म्हणू लागली. आक्का इकडून ‘‘व्हय म्हाराजा’’ म्हणत होती. दुसऱ्या का तिसऱ्या हाकेला तिला दम पुरला नाही. ओठ हलत राहिले. मग तिकडचे नेटवर्क गेले आणि मोबाइलवर पडवीचा खांब आणि कुणाची तरी पाठ, एवढेच चित्र थिजून राहिले.

सुनेने फोन बाजूला ठेवला. आक्का म्हणाली, ‘‘भाऊ, तुजी ती फाइल आन.’’

आक्का चौथीपर्यंत शिकलेली. पण अक्षर लावून वाचते. तिने सहाही पत्रे वाचली. सगळी दुपार लागली. एकेक पान वाचून झाले की पालथे ठेवायची. मध्ये एकदा तिने चहा मागितला. मी दाराशी बसून होतो. खरे सांगायचे तर, मला वाटत होते की ती प्रभावित होईल.

शेवटचे पान पालथे ठेवून तिने विचारले, ‘‘यात मी कुठं हाय?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘देव हाय. जहाज हाय. कायदा हाय. तुजं नाव तर पानापानावर हाय, सहीसकट. एक बाई आजारी हाय, तिला घरी जायाचंय, असं कुठं लिवलंस?’’

मी फाइल घेतली आणि शोधू लागलो. शोधताना मला ठाऊक होते की ते नाही. तरी मी सहाही पत्रे पुन्हा चाळली. सुमारे वीस पाने. माझी बहीण त्यांत नव्हती. ‘रुग्ण’ हा शब्ददेखील नव्हता.

‘‘फोन दे,’’ आक्का म्हणाली.

तिने आधी वरच्या वाडीच्या मानकऱ्याला फोन लावला. तो तिच्या दिराच्या नात्यातला. मग खालच्या वाडीच्या मानकऱ्याला. तो आमच्या भावकीतला. दोघांशीही ती हळू आवाजात बोलली; मला ऐकू आले ते शेवटचे एवढेच, ‘‘दोगांनी या. एकट्यानं येऊ नको.’’

तिसऱ्या दिवशी ते आले. सकाळच्या एकाच एसटीने आले होते. एक पुढच्या बाकावर बसून आणि दुसरा मागच्या, असे नंतर कळले. एक खुर्चीवर बसला, तर दुसरा कोपऱ्यातल्या पेटाऱ्यावर. माझ्यामार्फत एकमेकांशी बोलू लागले.

‘‘यांना इचारा, यांची हरकत हाय काय,’’ वरच्या वाडीचा म्हणाला.

‘‘त्यांना सांगा, आमची कधीच नव्हती,’’ खालच्या वाडीचा म्हणाला.

‘‘हरकत कशाला?’’ मी विचारले.

‘‘पेटीवरचं नाव बदलायला. हिचं नाव टाका.’’ वरच्या वाडीच्याने खाटेकडे बोट केले. ‘‘हिचं काम झालं की पेटी देवाची देवाकडं.’’

‘‘परंतु देवाच्या मालावर...’’ मी तोंड उघडले.

‘‘देवाला इचारलं,’’ दोघेही एकदम म्हणाले, आणि एकदम बोलले गेले म्हणून दोघेही वरमले. मग खालच्या वाडीचा एकटाच पुढे बोलला. ‘‘काल देवळात गाऱ्हानं घातलं. मी घातलं, हे शेजारी हुबे व्हते. देवाची ना नाय. देव काय तुज्यासारखा नाय, भाऊ. पहिल्या हाकेला व्हय म्हनतो.’’

आक्का हसली. खोकला येऊ नये म्हणून तिने पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला.

पत्र तिने सांगितले, मी लिहिले. मूळ कागदावरचे नाव बदलून या बाईचे घालावे, ती आजारी आहे, तिला घरी जायचे आहे, आमची संमती आहे. तीन ओळी. खाली दोन मानकऱ्यांच्या सह्या, शेजारी शेजारी. गावाच्या कोणत्याही कागदावर त्या दोन सह्या एकत्र असलेल्या मी त्यापूर्वी पाहिल्या नव्हत्या. आखातातल्या मंडळाला तो कागद पाठवला. त्यांनी त्याच दिवशी जहाज कंपनीला विनंती केली.

मी एजंटला फोन केला आणि पहिल्यांदाच त्याला बहिणीविषयी सांगितले.

‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘पेशंट आहे हे आधी सांगायचंत ना. माझी आई पण दम्याची आहे. मी जहाज कंपनीत स्वतः जाऊन बसलो असतो. पहिल्या आठवड्यात काम झालं असतं.’’

त्याच्या स्वरात दोष देणे नव्हते. असते तर मी उत्तर दिले असते.

दुरुस्ती झाली, मॅनिफेस्टमध्ये नाव बदलले, आक्काचा पॅन रकान्यात बसला, लाल रेघ आली नाही. नवव्या दिवशी ट्रान्सपोर्टच्या गाडीने पेटी दारात उतरवली. मी कटावणीने फळ्या काढल्या. आत खरोखरच दोन यंत्रे होती, पांढरी, खांद्याला अडकवायच्या पट्ट्याची. आक्काने एक मांडीवर घेतले आणि त्याच्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले. त्यांनी तिला नवी नळी लावली आणि खाटेपासून खिडकीपर्यंत चालवले. बोटाला चिमटा होता. सहा पावलांत आकडा खाली आला. त्यांनी तिला बसवले, यंत्र सर्वांत जास्त प्राणवायूवर लावले, थांबले, पुन्हा चालवले. आकडा पुन्हा घसरला. त्यांनी तिला जुन्या यंत्रावर घेतले आणि मला बाहेर बोलावले.

‘‘हे छोटं यंत्र श्वासासरशी थोडा थोडा प्राणवायू देतं. आता त्यांना सतत आणि जास्त लागतोय. हे त्यांना पुरणार नाही.’’

‘‘केव्हा पुरले असते?’’ मी विचारले.

त्यांनी स्टेथोस्कोप बॅगेत ठेवला.

‘‘मला तारीख हवी आहे, डॉक्टर.’’

‘‘तारीख कशी सांगू? महिनाभरापूर्वी पुरलं असतं.’’

मी आत जाऊन कपाटातून वही काढली आणि फाइल काढली. या वेळी दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. महिनाभरापूर्वीच्या तारखेला वहीत आकडा चांगला होता, चकती दोनवर होती. त्याच तारखेला फायलीत माझे तिसरे पत्र होते. जहाज कंपनीला कलमे वाचून दाखवणारे. मला ते पत्र अतिशय आवडले होते. मी त्याची स्वच्छ प्रत दोनदा काढली होती.

ज्या व्यवस्थेत देवाला सातबारा मिळतो पण पेटी मिळत नाही, तिच्यावर माझा राग आहे, आणि तो जाणार नाही. चार ओळींचे उत्तर पाठवणाऱ्या त्या कार्यालयावर आहे. परंतु रागाचा खटला चालवायचा तर आरोपी क्रमांक एक कोण, हे ठरवायला मला कोणत्याही न्यायाधीशाची गरज नाही.

आक्काला मी सारे सांगितले. डॉक्टर काय म्हणाले ते, आणि वही-फायलीतल्या तारखांचेही. तिने ऐकून घेतले. माफ केले असे ती म्हणाली नाही, मीही माफी मागितली नाही.

‘‘मग आता इथंच मरायचं?’’ तिने विचारले.

‘‘तसे नाही. इथे वीज आहे, डॉक्टर आहेत...’’

‘‘मी ते नाय इचारलं.’’

तिला गावी न्यायचे तर मोठे यंत्र तिथल्या विजेवर चालवावे लागणार, वीज गेली की सिलिंडर उघडावा लागणार, आणि सिलिंडर जोडेपर्यंतची काही मिनिटे त्या छोट्या यंत्रावर काढावी लागणार. डॉक्टरांनी हे समजावून सांगितले आणि ‘माझा सल्ला नाही’ असेही सांगितले. मग एक छापील फॉर्म पुढे केला. ‘रुग्णास वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत.’

मी तो वाचू लागलो. त्याची रचना सदोष होती. ‘स्वतःच्या’ म्हणजे कुणाच्या, रुग्णाच्या की नेणाऱ्याच्या? जबाबदारी कोणत्या क्षणापासून? माझ्या घराचा उंबरठा ओलांडल्यापासून, की गावी पोचल्यापासून? मालाच्या एका पेटीसाठी जगाने जे लिहून ठेवले आहे, ते माणसासाठी कुणी लिहिलेले नव्हते. मी तसे डॉक्टरांना सांगण्यासाठी मान वर केली.

‘‘पेन दे इकडं,’’ आक्का म्हणाली.

‘‘सही नातेवाइकाची लागते, आक्का.’’

‘‘जीव माजा हाय.’’ तिने फॉर्म मांडीवर ओढला आणि एकेक अक्षर सुटे काढत आपले नाव लिहिले. मग पेन माझ्याकडे दिले. ‘‘आता तू कर. काय सुदारू नको. नुसती सही कर.’’

मी सही केली.

हे मी तिच्या पडवीतल्या खाटेशेजारी बसून लिहीत आहे. आम्ही इथे येऊन तीन आठवडे झाले. मोठे यंत्र ओटीवरच्या बोर्डाला जोडलेले आहे, भिंतीला तीन सिलिंडर साखळीने बांधलेले आहेत, आणि छोटे यंत्र तिच्या उशाशी असते. दुसरे यंत्र देवळात ठेवले आहे. ज्याला लागेल त्याला ते पाहिजे तेव्हा न्यायची मुभा दोन्ही मानकऱ्यांनी दिली आहे. वीज आज सकाळी दोनदा गेली. पहिल्या वेळी मी नळी बदलून सिलिंडरची चावी फिरवेपर्यंत चार मिनिटे गेली, दुसऱ्या वेळी तीन. ही मिनिटे छोट्या यंत्राला कशीबशी पेलतात. तेवढा वेळ आक्का डोळे मिटून घेते आणि माझा हात धरते. तिची बोटे निळसर होतात, ती मी पाहतो. मग सिलिंडरचा फुसफुस आवाज येतो आणि ती डोळे उघडून पडवीबाहेर पाहते. काजूचे एक झाड, वहाळाकडे उतरणारी पायवाट आणि समोरच्या घराचा पडका दगडी गडगा, एवढेच तिथून दिसते.

दुपारी मी वीज मंडळाला पत्र लिहायला घेतले, तेव्हा तिने विचारले, ‘‘परत देवाचा हक्क काय?’’

‘‘नाही. तुझ्याविषयी आहे.’’

‘‘वाच.’’

मी वाचले. माझी बहीण आजारी आहे, तिचा श्वास तुमच्या विजेवर चालतो, काल वीज पाच वेळा गेली.

‘‘बास कर,’’ ती म्हणाली. ‘‘आता खाली काय जोडू नको.’’

खाली जोडायला माझ्याकडे पुष्कळ होते. मी कागद घडी करून पाकिटात घातला, आणि ती पुन्हा नळी सारखी करायला सांगेपर्यंत तिथेच बसून राहिलो.